कुसुमावतीचं काम

बँकेतल्या कर्जाच्या अर्जावर ‘कर्जाचं प्रयोजन’ असा एक रकाना असतो. विहिरीसाठी उचललेले पैसे विहिरीतच गेले पाहिजेत. त्यातून मुलीचं लग्न उरकलं, तर आम्ही अधिकारी मंडळी कपाळाला आठ्या घालून फायलीवर शेरा मारतो. नोकरीत असे शेरे मी पुष्कळ मारले. पण माझ्या स्वतःच्या नावावर एक कर्ज असं आहे, की ते घेतलं नाट्यसंगीत शिकायला आणि खर्च झालं भलतीचकडे. देणाऱ्या बाईंना हे आधीपासून ठाऊक असावं, असा मला दाट संशय आहे.

३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. तिथून मोजून १९८० साली संगीत नाटकाला शंभर वर्षं झाली. त्या शताब्दीच्या उत्साहात आमच्या कॉलेजनं संध्याकाळचा एक प्रमाणपत्र वर्ग काढला. नाव ‘संगीत नाटक : प्राथमिक’. उत्साह लवकरच आटला, वर्ग मात्र कुणी बंद करायला न धजावल्यामुळे आणखी काही वर्षं चालू राहिला. मी त्याच्या शेवटच्या दिवसांत सापडले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, गणेशोत्सवात दोनदा बक्षीस मिळालं होतं, आणि आपल्याला गाता येतं याविषयी घरात कुणाचंही दुमत नव्हतं.

वर्गात आम्ही दहाबारा जण. दोन मुली गांधर्व महाविद्यालयाची विशारद परीक्षा देणाऱ्या, त्यामुळे त्यांना आमच्याशी काय बोलावं कळत नसे. इंजिनिअरिंगचा एक मुलगा तबल्यासाठी आलेला. एक मुलगा किशोरकुमारची गाणी फार सुंदर म्हणायचा आणि कृष्णाचं पदही तो तसंच म्हणायचा. बाकीचे माझ्यासारखे. आवाजाची चाचणी वगैरे काही नव्हती. फी भरली की प्रवेश.

शिकवायला बाई. त्यांना सगळे ‘बाई’च म्हणत, आणि इथेही मी त्यांना तेच म्हणणार आहे. साठीच्या आसपास असाव्यात. सुती पाचवारी, ठसठशीत कुंकू, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत जुन्या नाटकांच्या पुट्ठे निसटलेल्या प्रती. तरुणपणी त्या फिरत्या नाटक मंडळींतून कामं करत होत्या एवढंच आम्हाला ठाऊक. साथीला ऑर्गनवर काका. ते दिवसभर पोस्टात असत आणि सहाला सायकलवरून येत.

पहिल्या दिवशी बाईंनी गायला लावलं नाही, बोलायलाही लावलं नाही. ‘सौभद्रा’ची एक जुनी प्रत आमच्यात फिरवली आणि म्हणाल्या, “पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा.” तिथे राग, ताल आणि ‘चाल’ लिहिलेली होती. म्हणजे हे पद कुठल्या आधीच्या गाण्याच्या चालीवर बांधलंय ते. काही चाली कानडी पदांच्या, काही बायकांच्या गाण्यांच्या. मधूनमधून साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीतं, म्हणजे कीर्तनातून आणि आख्यानांतून लोकांच्या कानात आधीच बसलेली वृत्तं. किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ आणलं, त्यात शंभराच्या वर पदं होती. एवढी पदं लोक ऐकून कशी घेत असतील, असं किशोरकुमारनं विचारलं. बाई म्हणाल्या, “चाल ओळखीची होती ना रे. चालीचं कौतुक आधीच होऊन गेलेलं. मग कान रिकामा राहतो, तो शब्दांकडे जातो.”

एखाद्या समीक्षकानं यावर प्रकरण लिहिलं असतं. बाईंनी त्यावर आम्हाला बोटांवर मात्रा मोजायला बसवलं. दिंडीच्या ओळीत एकोणीस, साकीच्या ओळीत अठ्ठावीस. वाणिज्य शाखेच्या मुलांना मोजणी बरी जमली.

पुढे चाली बदलल्या तो इतिहास बाई तुकड्यातुकड्यांनी सांगत, तोही कुणाच्या तरी चुकलेल्या तानेच्या निमित्तानं. १९११च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली आणल्या. १९१६च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीचं अख्खं दालन उघडलं. आता चाल हीच बातमी झाली. लोक पद ऐकायला येऊ लागले, नाटक त्या पदापर्यंत पोचायचा रस्ता झाला. हे सांगताना बाईंच्या आवाजात तक्रार नसे. बालगंधर्वांचं नाव त्या ‘नारायणराव’ असंच घेत आणि घेताना पदर सारखा करत. पण एक वाक्य त्यांनी मला नंतर पुष्कळदा ऐकवलं : “नारायणराव गात तेव्हा शब्द हरवत नसे. त्यांची नक्कल करणाऱ्यांनी तो हरवला.”

मग आमचं गद्य सुरू झालं, आणि ते संपेचना. पद आधी सरळ वाक्यासारखं वाचायचं. मग त्याचा अन्वय लावायचा. मग तेच आपल्या घरच्या भाषेत समोरच्याला सांगायचं. विशारदवाल्या मुली कंटाळल्या. त्यातली एक म्हणाली, “बाई, राग कुठला आहे ते सांगा ना, मी उद्या बसवून आणते.” बाईंनी तिला विचारलं, “सुभद्रेला राग ठाऊक आहे का?” मुलीला वाटलं बाई कोटी करताहेत. बाई कोटी करत नव्हत्या. त्यांच्या लेखी नाटकातल्या माणसांना आपण गातोय हे ठाऊकच नसतं. गाणं प्रेक्षकांना ऐकू येतं. सुभद्रा फक्त बोलत असते, आणि बोलणं तिला आवरेनासं झालेलं असतं.

हे ऐकायला सोपं वाटतं. करताना सगळा घोळ गद्य आणि पद यांच्या सांध्यात होतो. नट वाक्य संपवतो, घसा खाकरतो, ऑर्गनकडे बघतो, सूर घेतो आणि गायला लागतो. तेवढ्या वेळात सुभद्रा निघून जाते आणि एक कॉलेजकन्यका उभी राहते. हा सांधा कसा बुजवायचा ते काकांनी शिकवलं, तेही फारसं न बोलता. वाक्य संपायच्या तीनचार शब्द आधी ते षड्ज धरायचे. ऑर्गनचा भाता पायानं चालतो, म्हणून पेटीवाल्यासारखा एक हात भात्यात अडकत नाही. दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. गुडघ्याशी एक फळी असते, तिच्यानं आवाज चढवता-उतरवता येतो. काका पाय इतके हलके ठेवत की पुढच्या रांगेलाही तो सूर ‘ऐकू आला’ असं वाटू नये. फक्त बोलणारीचं वाक्य त्या सुरावर येऊन टेकावं. मी एकदा त्यांना म्हटलं, “काका, तुम्ही सूर देता तो मला नीट ऐकूच येत नाही.” ते म्हणाले, “तुला देतच नाही मी. वाक्याला देतो.”

आमच्या ऑर्गनचा भाता एका बाजूनं गळका होता आणि मंद्रातली एक पट्टी दाबली की वर यायची नाही. काका तिला करंगळीनं वर उचलत आणि वाजवत राहत. कॉलेजकडे दुरुस्तीचा अर्ज वर्षभर पडून होता. शेवटी भात्याचं कापड बाईंनीच आणलं, आणि ‘खर्च कुठल्या खात्यावर टाकू’ या माझ्या वाणिज्यशाखीय प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

दिवाळीनंतर प्रयोगाचं ठरलं. अख्खं ‘सौभद्र’ पेलणारं नव्हतं, म्हणून निवडक प्रवेश. सुभद्रा तिघींनी वाटून घ्यायची. दोन विशारदवाल्या ठरल्याच होत्या. तिसरी मी, असं मी गृहीत धरलं. बाईंनी तिसरं नाव एका पहिल्या वर्षाच्या मुलीचं घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू कुसुमावती. तिन्ही प्रवेशांत.”

कुसुमावती ही सुभद्रेची सखी. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामदादानं ठरवलंय दुर्योधनाशी लग्न, आणि हे सगळं ती सांगणार कुणाला, तर कुसुमावतीला. नाटकाला सखी लागते ती एवढ्याचसाठी. मी घरी जाऊन रडले, दुसऱ्या दिवशी येऊन बाईंना कारण विचारलं. बाईंनी अगदी व्यवहारी उत्तर दिलं. म्हणाल्या, “तुझं पाठांतर चोख आहे. आणि तू बुटकी आहेस. मैत्रीण सुभद्रेहून उंच असून चालत नाही.”

तिथून पुढे जे शिकवलं गेलं ते फक्त मला शिकवलं गेलं, कारण बाकीच्यांना त्याची गरज नव्हती.

पहिली गोष्ट उभं राहण्याची. मी साहजिकच सुभद्रेच्या मागे, जरा बाजूला उभी राहिले, म्हणजे आम्ही दोघी प्रेक्षकांना दिसू. बाईंनी मला दंडाला धरून पुढे आणलं, रंगमंचाच्या कडेला, अर्धी पाठ प्रेक्षकांकडे. “ती तुझ्याशी बोलणार. तू मागे राहिलीस तर तिला मान मागे वळवावी लागेल आणि शब्द पडद्याला ऐकू जातील. तू पुढे ये, म्हणजे तुझ्याकडे बघताना ती लोकांकडे बघेल.” मी म्हटलं, “मग माझा चेहरा कुणाला दिसणार?” बाई म्हणाल्या, “सुभद्रेला.”

दुसरी गोष्ट मान न डोलावण्याची. विशारदवाली फारच छान गायची. जागा घेतली की माझी मान आपोआप हले, समेला तर हमखास. बाई ताडकन थांबवत. “काय ऐकलंस?” मी म्हणे, “फार सुंदर जागा घेतली तिनं.” “तुझ्या मैत्रिणीचं नको तिथं लग्न ठरलंय आणि तू म्हणतेस सुंदर?” पुन्हा पहिल्यापासून. कुसुमावतीला ताल नसतो, सम नसते. तिला एक मुलगी घाबरून काहीतरी सांगताना दिसत असते. हे अंगात मुरायला फार वेळ गेला, कारण आपल्याकडे चांगलं ऐकणारा म्हणजे दाद देणारा असंच लहानपणापासून बघितलेलं. मैफलीत ते शोभतं. त्या जागी मात्र माझी दाद हा चक्क घात होता.

शब्द असताना हे निभावतं. आलाप सुरू झाला की पंचाईत. मी विचारलं, “बाई, आता ती काही सांगतच नाहीये. मी काय ऐकू?” बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “मघाशी तिनं तुला सांगितलं. आता तिला ते स्वतःला कळतंय. तू मध्ये पडू नकोस.” आणि मुखडा परत आला की? “आता तेच शब्द आहेत, पण बाई निराळी आहे.” मग त्यांनी एक सराव लावला. एकीनं पद म्हणायचं, मी समोर बसायचं, आणि संपल्यावर पहिल्या मुखड्यात आणि शेवटच्या मुखड्यात काय बदललं ते सांगायचं. सूर नव्हे, माणूस. सुरुवातीला मी ठोकून द्यायची. बाईंना लगेच कळायचं. गाणारीलाही कळायचं, आणि ते जास्त लागायचं.

तिसरी गोष्ट माझ्या प्रश्नांची. तिन्ही सुभद्रांच्या पट्ट्या वेगळ्या होत्या. एकीची काळी चार, एकीची पांढरी पाच, नवीन मुलीची काळी पाच. कृष्ण काळी एकमध्ये, तो आणखी वेगळा. काका कुठल्याही पट्टीत त्याच सहजतेनं वाजवत, पण मला ताकीद होती की पदाच्या आधीचा माझा जो प्रश्न असेल, त्याचं शेवटचं अक्षर त्या त्या सुभद्रेच्या षड्जाच्या आसपास ठेवायचं. गायचं नाही, नुसतं ठेवायचं. म्हणजे तिला सूर शोधावा लागत नाही, तो मैत्रिणीच्या तोंडूनच मिळतो. गळ्यावरची सगळी मेहनत मी यासाठी केली. ती प्रेक्षकांतल्या एकालाही कळणं शक्य नव्हतं आणि कळली असती तर बाईंनी मला फाडून खाल्लं असतं.

आणि वन्समोर. आजच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की पद रंगलं की प्रेक्षक ‘वन्समोर’ ओरडत आणि नट ते पद पुन्हा म्हणे, कधीकधी पुन्हा पुन्हा. नाटकं त्यापायी रात्रभर चालत. १९३३च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून मोजकी, भावगीताच्या अंगाची पदं आली आणि पुढे हे प्रस्थ कमी होत गेलं. पण जुनी नाटकं होत तिथे ते टिकून होतं. गाणाऱ्यांच्या आठवणींत वन्समोर हा गौरव असतो. बाईंनी तो मला दुसऱ्या बाजूनं दाखवला. गाणारीला दुसऱ्यांदा नवी जागा सुचते, ती खुलते. ऐकणारी तिथेच उभी. तिनं ही बातमी आत्ताच ऐकलेली आहे, डोळे भरून झालेले आहेत, आणि आता तिला तीच बातमी तिसऱ्यांदा पहिल्यांदा ऐकायची आहे. तालमीत बाई काकांना मधेच खूण करत. काका ऑर्गनवरूनच भसाड्या आवाजात “वन्समोर!” ओरडत, आणि मला पदाआधीच्या जागेवर, पदाआधीच्या चेहऱ्यानं परत जावं लागे. “विसर,” बाई म्हणत. “ऐकलेलं विसर. ती गाईल गं, तिचं काय जातंय.”

८ जुलै १९२१च्या संयुक्त ‘मानापमाना’च्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकल्या होत्या. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला तो प्रयोग : केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन मंडळ्यांची दोन दैवतं एका रंगमंचावर. पुण्यात संगीत नाटकाचा विषय निघाला आणि तो प्रयोग निघाला नाही असं होत नाही. वर्गात किशोरकुमारनं तो सांगायला घेतला तेव्हा बाईंनी मधेच विचारलं, “एक गात होता तेव्हा दुसरा काय करत होता, ते सांग.” त्याला सांगता येईना. बाई म्हणाल्या, “बघ. सगळे गाण्याचंच सांगतात.” आणि पिशवी उचलून निघाल्या.

प्रयोग कॉलेजच्या सभागृहात झाला. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखं नाही. रंगभूषा गडद झाली होती, घटोत्कच उंचीला कमी पडला. एकच प्रसंग सांगते. तिसऱ्या प्रवेशात नवीन मुलगी मुखडा म्हणून झाल्यावर अंतरा विसरली. विंगेत प्रॉम्प्टर पान शोधतोय. काकांनी मुखडा वाजवत ठेवला, एकदा, दोनदा. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. मला अंतऱ्याचे शब्द ठाऊक होते, पण ते मी सांगितले नाहीत. मी विचारलं, “दादांनी असं का ठरवलं गं?” अंतऱ्यात तेच होतं. तिला शब्द आठवले नसतील कदाचित, पण काय सांगायचंय ते आठवलं, आणि त्याच्यामागून शब्द आले. मी प्रश्नाचं शेवटचं अक्षर काळी पाचच्या षड्जावर ठेवलं होतं, हेही नम्रपणे नमूद करते. टाळ्या तिला मिळाल्या. पडदा पडल्यावर काकांनी ऑर्गनमागून माझ्याकडे बघून भुवई उडवली, एवढंच.

पुढच्या वर्षी वर्गाला विद्यार्थीच आले नाहीत. बाई आम्हा तिघाचौघांना रविवारी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत बोलावू लागल्या. पैशांचा विषय काढला की म्हणत, “येताना दूध आण.” आम्ही त्यांच्याकडे ‘शारदा’ वाचलं, ‘संशयकल्लोळ’ वाचलं. देवलांची वाक्यं बाईंच्या तोंडी अशी येत की ती छापलेली आहेत हे विसरायला होई. दुपारी मुगाची खिचडी आणि लोणचं. बसथांब्यापर्यंत पोचवायला त्या स्वतः येत आणि वाटेत सकाळच्या वाचनातली माझी एखादी चूक काढत. मला तिथे रविवारमागून रविवार काय मिळत होतं, याचा हिशेब त्या वयात कुणी ठेवत नाही. विशारदवालीनं पुढे गाण्यात नाव काढलं. मी बँकेची परीक्षा पास झाले आणि गाणं सुटलं.

पहिली नेमणूक सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत मिळाली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं तो हा मुलूख, पण माझ्या टेबलासमोर येणाऱ्यांना नाटकाला सवड नव्हती. कर्ज मागायला आलेला माणूस पहिली दहा मिनिटं कर्जाचं बोलतच नाही. पाऊस, द्राक्षांवरची औषधं, भावकीतली वाटणी, धाकट्याचं शिक्षण. माझे सहकारी मधेच कागद पुढे सरकवत, आणि त्यांचं चुकत होतं असं नाही, रांग वाढत असे. मी मात्र समोर बघत बसायची. मान न हलवता. आणि मला कळायचं, की या माणसाचं एक वाक्य तिसऱ्यांदा आलंय. ‘यंदा जरा ओढाताण झाली.’ पहिल्यांदा ते नुसतं सुरुवात म्हणून होतं, दुसऱ्यांदा त्यात भाऊ होता, आणि तिसऱ्यांदा तो माझ्याकडे बघत नव्हता. फायलीत जे असायला हवं ते बहुतेक वेळा त्या तिसऱ्या वेळेत सापडे. माझी वसुली बरी होती. वरिष्ठांना त्याचं कारण अर्जांची काटेकोर छाननी वाटे. मी तसंच वाटू दिलं.

घरीही हे भांडवल वापरलं गेलं, पण ते इथे सांगत नाही.

बाईंची सत्तरी उलटल्यावर एकदा गेले तर काका आधीच बसलेले. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना सरकार मानधन देतं, त्याचा अर्ज काकांनी आणला होता आणि बाई त्याला हात लावत नव्हत्या. अर्ज भरणं हा माझा धंदाच. मी बसले. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि कलाक्षेत्रात काम केल्याचे पुरावे. बाईंनी पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. त्यात हस्तपत्रिका होत्या, वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची कात्रणं होती. गावोगावची नावं, तिकिटांचे दर, ठळक अक्षरात नायकनायिका. बाईंचं नाव शोधायला मला वेळ लागला. ते सगळीकडे शेवटच्या ओळीत होतं, ‘आणि’ या शब्दानंतर. ‘सौभद्रा’त कुसुमावती. ‘शारदे’त वल्लरी. आणखी कुठे सखी, कुठे दासी. सुभद्रा एकाही पत्रिकेत नव्हती.

मी पत्रिका हातात धरून बाईंकडे बघितलं. “तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“तुम्ही विचारलंत कधी?” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना सुभद्रेची पदं हवी होती.”

काका म्हणाले, “एकदा नाशिकला तीन वन्समोर झाले होते. ही पूजेचं तबक घेऊन उभी. निरांजन विझलं, पण ही हलली नाही.”

“पेटवलेलं नव्हतंच ते,” बाई म्हणाल्या. त्यांच्यात यावर बराच वेळ वाद झाला. मी तेवढ्यात पुरावे तारीखवार लावले आणि यादी केली.

काही महिन्यांनी निवड समितीपुढे बोलावणं आलं. बाईंना घेऊन मी गेले. टेबलामागे पाचसहा जण, त्यातले एकदोन स्वतः कलावंत. कागद बघून झाल्यावर त्यांतल्या एका पागोटेवाल्या गृहस्थांनी आदरानं म्हटलं, “बाई, संगीत नाटकातल्या आहात. एखादं पद होऊन जाऊ दे.” मला घाम फुटला. बाईंचा गळा तेव्हा पार बसलेला होता.

बाई म्हणाल्या, “मी म्हणणारी नव्हे. तुम्ही म्हणा, मी माझं काम करून दाखवते.”

समितीत चुळबुळ झाली. कुणीतरी हसलं. पण गृहस्थ कीर्तनकार निघाले, त्यांना असं आव्हान सोडवेना. “कुठलं म्हणू?” “सुभद्रेचं कुठलंही.” ते उठून टेबलाच्या पुढे आले. बाईही उठल्या, त्यांच्यापुढे, जरा कडेला जाऊन उभ्या राहिल्या. टेबलाकडे अर्धी पाठ. मग त्यांनी कुसुमावतीचा एक प्रश्न विचारला, एका ओळीचा, त्या बसलेल्या गळ्यानं, आणि शेवटचं अक्षर कुठेतरी नेऊन ठेवलं. गृहस्थांनी तिथूनच उचललं. मुखडा म्हणताना ते सुरुवातीला समितीकडे बघत होते. दुसऱ्या मुखड्याला ते बाईंकडे बघायला लागले. तिसऱ्याला त्यांना समितीची आठवण राहिली नव्हती. अंतरा झाला, पुन्हा मुखडा झाला, बाहेरच्या बाकावरचे अर्जदार दारात येऊन उभे राहिले. मला बाईंचा चेहरा दिसत नव्हता. दारातल्या कुणालाही दिसत नव्हता.

मानधन मंजूर झालं.

परतताना रिक्षात बाई बराच वेळ गप्प होत्या. लक्ष्मी रोडच्या गर्दीत अडकलो तेव्हा म्हणाल्या, “गळा चांगला आहे त्यांचा. पण अंतऱ्याला श्वास मधेच तोडतात. शब्द मोडतो. पत्ता आहे का तुझ्याकडे? रविवारी बोलाव.”